बंडी हाकायला शिकताना

विदर्भात आजही अशी पुष्कळ वावरं आहेत, जिथं मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की ट्रॅक्टर पोचत नाही. पांदणीतल्या, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेतल्या, काळ्या मातीत त्याची मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि तो तिथंच रुतून बसतो. मग बियाण्याच्या थैल्या, खत, फवारणीच्या पाण्याचा ड्रम, सगळं बंडीवरच, म्हणजे बैलगाडीवरच, जातं. शहरातली नोकरी सोडून गावी परतलेली, वाटणीत वावर मिळालेली, किंवा घरी बैलजोडी असूनही आजवर कासरा, म्हणजे बैल आवरायची दोरी, हाती न धरलेली बरीच मुलंमुली आता हे काम शिकायला बघतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. मुरलेल्या बैलाला रस्ता माहीत असतो, वावर माहीत असतं, घरी परतायची वेळही माहीत असते. त्याला चालायला शिकवणं हे हाकणाऱ्याचं काम नाही. त्याच्या मानेवर या क्षणी काय येतंय, याकडे लक्ष ठेवणं हे हाकणाऱ्याचं काम. टांग्याच्या घोड्याच्या छातीवरून पट्टा जातो. आपल्या बैलाच्या वशिंडापुढे, मानेवर, लाकडी जू टेकतं. ओढायचा जोर तिथंच, बंडीच्या पुढच्या भागाचं ओझं तिथंच, खड्ड्यातला हिसकाही तिथंच. जुंपण्यात, माल भरण्यात, चढउतारावर जी काळजी घ्यायची, ती सगळी या मानेसाठी.

कुणाकडे आणि केव्हा शिकावं

नवख्याने नव्या जोडीवर शिकू नये. गोऱ्हा आणि हाकणारा दोघंही कच्चे असले की एकाची धास्ती दुसऱ्याला लागते. पुरे दात जुळलेली, चार-पाच हंगाम जुंपलेली, शांत जोडी मागून घ्या. गावात कुणाकडे शिकायचं हे ठरवायला सोपी खूण आहे. बैलांच्या पाठीवर वळ नाहीत, मानेवर गाठ नाही आणि बंडी चालवताना जो फार ओरडत नाही, त्याच्याकडे जा. बहुतेक वेळा तो एखादा जुना सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, निघेल. तो फार समजावून सांगणार नाही. त्याच्या बाजूला बसून त्याचे हात बघायचे.

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस शिकायला उत्तम. पांदण कोरडी असते, ऊन सोसण्यासारखं असतं, आणि कापूस-तूर घरी आणायची हलकी कामं मिळतात. उन्हाळ्यात शेणखताच्या बंड्या वावरात जातात. त्या कामात जाताना भरली आणि येताना रिकामी, अशी दोन्ही सवय होते, मात्र ते सकाळच्या थंड वेळीच. पावसाळ्यात पहिल्यांदा कासरा धरू नका. चिखलातली बंडी मुरलेल्या माणसालाही घाम फोडते.

जोडी कोणत्या जातीची आहे हेही विचारून घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातला गवळाऊ पांढरा, लांबट तोंडाचा आणि पायाचा हलका. नुसत्या हाकेवर तो दुडकी धरतो. नवख्याला सुरुवातीला ही चाल आवरत नाही, म्हणून पहिले काही दिवस त्याला हाकच कमी द्यायची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडचा कठाणी अंगाने लहान, धानाच्या बांध्यांत काम केलेला, चिखलात पाय टाकायला न घाबरणारा. पूर्वेकडे काही गावांत हल्याही, म्हणजे रेडाही, जुंपतात. हल्या ताकदीचा, पण त्याला ऊन अजिबात सोसत नाही. पाण्याजवळून गेला तर तो बंडीसकट डबक्यात उतरायला बघतो, हे ध्यानात ठेवा.

आधी कोठा

बंडीवर बसायच्या आधी आठवडाभर कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, काम करा. सकाळी शेण काढा, कुटाराचा चारा टाका, ढेप (पेंड) भिजवून द्या, पाण्यावर न्या. बैलाला तुमचा वास आणि आवाज ओळखीचा व्हायला हवा. जू उचलल्यावर पुढे यायचं की मागे सरायचं, हे तो त्या ओळखीवर ठरवतो.

जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. बैलाला दोन्ही बाजूंचं पुष्कळ दिसतं, पण बरोबर मागचं दिसत नाही. मागून मुकाट्याने गेलात तर तो दचकणारच. त्याची लाथ नुसती मागेच बसते असं नाही, पाय पुढे घेऊन बाजूला वळवूनही तो मारतो. म्हणून मागच्या पायाजवळ उभं राहायचं असेल तर एक हात त्याच्या पाठीवर असू द्या. गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली की बहुतेक बैल मान लांब करतात. तशी मान तुमच्यासमोर करायला लागला, की समजा ओळख झाली.

याच दिवसांत डावा कोणता आणि उजवा कोणता हे पक्कं करून घ्या. बैलाची जागा ठरलेली असते. डाव्या जागेला मुरलेला बैल उजवीकडे जुंपला की तो सारखा जोडीदाराला रेटतो, बंडी वाकडी चालते आणि नवख्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. कोठ्यातही त्यांना त्याच बाजूंनी बांधायची पद्धत चांगली. दोघांची नावं वेगळी आणि ऐकू यायला एकमेकांपासून लांबची असावीत. हाक एकाला आणि दचकला दुसरा, असं होऊ नये.

दोन्ही माना रोज हाताने चाचपा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, हळद आणि तूप चोळतात, आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून निमंत्रण देतात. वर्षातून एकदा सणाला जे करतो, त्यातलं चाचपणं तरी रोजचं असायला हवं. कुठं गरम लागतं, कुठं फुगवटा आहे, कुठं हात लावल्यावर बैल कातडी थरथरवतो, हे बोटांना कळायला लागतं.

बंडी तपासायची

आता बंडी. लाकडी चाकाची असो की टायरची, निघायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. आखाच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांच्या खिळी जागेवर आहेत का ते आधी बघा. ही खीळ पडली की चाक निघतं, आणि चाक निघतं ते नेमकं उतारावर. मग तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, वंगण आहे का बघा. कोरडा आख करकरतो, आणि तेवढंच ओझं बैलांना जास्त.

लाकडी चाक उन्हाळ्यात सुकतं. आरे ढिले होतात, पुठ्ठ्यावरची (चाकाच्या लाकडी कडेवरची) लोखंडी धाव सैल पडते. चाक हलवून बघितल्यावर खडखड वाजलं तर माल भरू नका. थोडं सैल असेल तर जुने लोक चाक नाल्याच्या डोहात किंवा टाक्यात भिजत ठेवतात, लाकूड फुगून बसतं. ते तात्पुरतं असतं. धाव फारच सैल असेल तर सुतार-लोहाराकडे जाऊन ती पुन्हा तापवून चढवून घ्यावी लागते. टायरच्या बंडीत हे काही नाही, पण दोन्ही टायरमधली हवा सारखी हवी. एकीकडे कमी असली की बंडी त्या बाजूला ओढते आणि त्या बाजूच्या बैलाची मान दिवसभर घासली जाते.

शेवटी जू. जिथं मान टेकते तिथं हात फिरवा. चीर, फास, वर आलेला खिळा, काही लागलं तर आधी घासून गुळगुळीत करा. जूच्या दोन्ही बाजूंच्या शिवळा, म्हणजे मानेच्या बाजूला बसणाऱ्या खुंट्या, शाबूत हव्यात. शिवळेला बांधून गळ्याखालून जाणारी जोती सुती, रुंद आणि मऊ असावीत. नायलॉनच्या बारीक दोरीची जोती पुष्कळ बंड्यांवर दिसतात. स्वस्त पडतात, कुजत नाहीत, हे खरं. पण ती गळा कापतात. माझं स्पष्ट मत आहे की बाकी कुठंही काटकसर करा, जोत्यांत करू नका.

जुंपणं

बंडी सपाट जागी उभी करा आणि दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. बंडी रिकामी असावी. बैलांना त्यांच्या त्यांच्या बाजूने आणून धुरीच्या, म्हणजे बंडीपासून जूपर्यंत जाणाऱ्या पुढच्या लाकडाच्या, दोन्ही अंगांना उभं करा. मग पुढे जाऊन जू दोन्ही हातांनी वर उचला आणि नावाने हाक मारा. मुरलेला बैल स्वतः मान खाली घालून जूखाली येतो. पहिल्यांदा हे बघताना छान वाटतं. जो येत नाही त्याला शिंगं धरून ओढू नका. काल मान दुखली असेल म्हणूनही तो येत नसेल. आधी मान बघा.

जू वशिंडाच्या लगेच पुढे, मानेच्या जाड भागावर बसलं पाहिजे. फार पुढे गेलं तर डोक्याकडे सरकतं, वशिंडावर चढलं तर घासतं. आता जोती बांधायची. गळा आणि जोतं यांच्यामध्ये तुमचा आडवा तळहात सहज गेला पाहिजे. सैल जोत्यातून बैल मान काढून घेतो, हे एक नुकसान. घट्ट जोत्याने काय होतं ते पुढे चढाच्या ठिकाणी सांगतो. गाठ अशी मारा की एका टोकाला हिसका दिल्यावर सुटेल. बैल खाली बसला, पाय अडकला, बंडी कलंडली, अशा वेळी गाठ सोडवत बसायला वेळ नसतो.

कासरे शेवटी. दोघांचे कासरे त्यांच्या पाठीवरून मागे आणा, गुंता नाही ना बघा, मग चढा आणि मग कुणाला तरी दगड काढायला सांगा. हा क्रम बदलू नका. दगड काढल्यावर कासरा शोधत बसणारा माणूस धोक्यात असतो.

पहिली फेरी

पहिले दोन-तीन दिवस बंडीवर चढूच नका. कासरे हातात घेऊन बैलांच्या बाजूने पायी चाला, आणि धुरीवर शिकवणारा बसू द्या. बैल कोणत्या आवाजाला काय करतो, खड्डा आला की आधी कोणता बैल बिचकतो, वळणावर आतला कसा थांबतो आणि बाहेरचा कसा झपाट्याने पाय टाकतो, हे खालून नीट दिसतं. वर बसल्यावर फक्त दोन पाठी दिसतात.

मग शिकवणाऱ्याच्या शेजारी बसा. डाव्याचा कासरा डाव्या हातात, उजव्याचा उजव्या. कासरा मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायचा नाही. बैल उधळला तर गुंडाळलेला कासरा तुम्हाला खाली खेचून चाकाखाली नेतो. हातात तो नुसता असावा, ताणलेला नसावा. कासऱ्याचं दुसरं टोक वेसणीला आहे आणि वेसण नाकाच्या पडद्यातून गेलेली आहे. तुमच्या हाताला जो हलका झटका वाटतो तो तिथं कळ आणतो. आमच्याकडचे जुने धुरकरी (बंडी हाकणारे) नवख्याला एवढंच म्हणतात, "बापू, कासरा ढिला सोड. बैलाले रस्ता मालूम हाय."

निघताना जिभेने टकटक करा किंवा 'चल रे' म्हणा. आवाज गावागावाचे, घराघराचे वेगळे असतात. तुमच्या जोडीला जे ऐकायची सवय आहे तेच शिका, आपलं नवं काही आणू नका. पहिलं पाऊल दोघांनी एकदम टाकलं पाहिजे. एकाने आधी जोर दिला तर जू तिरपं होतं आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. मागे राहिलेल्याचं नाव घ्या, पुढे गेलेल्याचा कासरा अगदी थोडा धरा, दोघं बरोबरीत आले की सोडा.

थांबवायला लांब सूर लावून 'होऽऽ' म्हणा आणि मग दोन्ही कासरे सारखे, हळूहळू मागे घ्या. आवाज आधी, हात नंतर. हा क्रम पाळला तर महिनाभरात जोडी नुसत्या आवाजावर थांबायला लागते.

उजवीकडे वळायचं तर उजव्याला कासऱ्याने आवरायचं आणि डाव्याला आवाजाने पुढे घालायचं. वळण मोठं घ्या. बैल कोपऱ्यावरून निघून जातात, पण चाक त्यांच्यापेक्षा रुंद अंतरावरून मागून येतं आणि तुंबा फाटकाच्या खांबाला अडकतो. फाटकातून जाताना नजर बैलांवर नको, आतल्या बाजूच्या चाकावर हवी. मागे सरणं बैलांना आवडत नाही आणि नवख्याला ते जमतही नाही. म्हणून आत शिरण्याआधीच बंडी फिरवायला जागा आहे का ते बघून ठेवायचं.

तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, हातात असू द्या, पण तिच्या टोकाला लोखंडी आर (टोचणी) नको. टोकदार काठीने जनावर हाकायला कायद्याने मनाई आहे. तसंही आर टोचलेला बैल वेगाने चालतो तो पळून जाण्यासाठी, ओढण्यासाठी नव्हे. शेपूट पिरगळणं तर कुणी कितीही शिकवलं तरी शिकू नका. काठी पाठीवर नुसती टेकवली तरी मुरलेल्या बैलाला पुरते.

भरलेल्या बंडीची चाल तासाला तीन-चार किलोमीटर, माणसाच्या पायी चालीएवढी किंवा थोडी कमी. तेवढीच राहू द्या. पुष्कळ पोरांच्या मनात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट बघून आलेल्याला सकाळी पांदणीत जोडी पळवावीशी वाटते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या होत्या, आणि मे २०२३ मध्ये राज्याने केलेली कायद्यातली दुरुस्ती कायम ठेवल्यावर त्या आता नियमांखाली चालतात. पण पटाची जोडी वेगळी पोसलेली असते, तिला वर्षभर दुसरं काम नसतं, आणि तिचा छकडा (शर्यतीची छोटी गाडी) हलका असतो. ओझ्याच्या जोडीला, ओझ्याच्या बंडीला पळवलं तर एका खड्ड्यात दोन्ही माना दुखावतात.

माल भरणं

नवख्याला वाटतं की अवघड असेल ते हाकणं. माल भरणं मात्र त्याहून अवघड आहे, आणि त्यावर कुणी फार बोलत नाही.

बंडीला दोन चाकं. आख मध्ये. माल आखाच्या पुढे जास्त झाला की धुरी खाली दाबते आणि सगळा भार मानेवर येतो. मागे जास्त झाला की बंडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि जोती गळ्यात रुततात. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. तिथं जू मानेवर हलकं टेकलेलं राहतं, उचलतही नाही आणि दाबतही नाही. ही जागा शोधायला जुंपायच्या आधीच धुरी हाताने उचलून बघा. एका माणसाला ती थोड्या जोराने उचलता आली पाहिजे, पण हात सोडल्यावर ती खाली बसली पाहिजे. आपोआप वर जात असेल तर मागचा माल पुढे घ्या. दोन माणसांनाही उचलत नसेल तर पुढचा मागे ढकला. तुम्ही स्वतः पुढे बसणार आहात, ते वजनही हिशोबात धरा.

जड माल खाली आणि आखावर, हलका वर आणि कडेला. खताच्या थैल्या आधी मधोमध रचायच्या. पाण्याचा ड्रम अर्धा भरला की पाणी पुढेमागे हेलकावतं आणि प्रत्येक हेलकावा मानेवर जातो. म्हणून तो पूर्ण भरा, तोंड बंद करा आणि दोराने आवळा. कापसाला दोन्ही बाजूंनी तट्टे लावून उंच भरतात. वजन कमी असतं, पण उंचीमुळे वाऱ्याने आणि तिरप्या रस्त्यावर बंडी कलंडायची भीती असते. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, बंडी मागे लांब लोंबते आणि हमखास उलार होते. तिच्या पुढच्या बाजूला जड काहीतरी ठेवा.

पहिल्या हंगामात मालक जेवढं भरतो त्याच्या निम्मंच भरा. लोक हसले तरी चालेल.

चढ, उतार, नाला

चढावर माल मागे झुकतो, बंडी उलार व्हायला बघते, जोती वर ओढली जातात. घट्ट जोतं असेल तर इथं बैलाचा श्वास कोंडतो. तो डोळे मोठे करतो, जीभ काढतो, आणि आपल्याला वाटतं की ओझं जास्त झालं म्हणून दमला. चढाच्या पायथ्याशी थांबा, बैलांना दम घेऊ द्या, जोत्यांतून हात घालून बघा. मग तुम्ही धुरीवर पुढे सरकून बसा, म्हणजे जू खाली राहतं. चढ लांब असेल तर सोबतच्यांना उतरवा. मध्येच थांबावं लागलं तर लगेच चाकामागे दगड पडला पाहिजे. त्यासाठी एक माणूस हातात दगड घेऊन मागून चालतो. ही जुनी पद्धत सोडू नका.

उतार जास्त धोक्याचा. बहुतेक बंड्यांना ब्रेक नसतो. बैलच मागे रेलून बंडी थोपवतात. माल पुढे येतो, जू मानेवरून डोक्याकडे सरकतं, आणि मागून रेटा वाढला की बैल पळतात. ते घाबरून पळत नाहीत, ढकलले जातात म्हणून पळतात. उतार लागायच्या आधीच चाल कमी करा. सरळ उतरा, तिरपं नाही, कारण तिरप्या उतारावर खालच्या चाकावर सगळा भार जातो आणि बंडी कलंडते. तुम्ही मागे सरका. कासरे दोन्ही सारखे धरा आणि आवाज सतत, एकाच सुरात चालू ठेवा. बैल तुमच्या आवाजातली घाई ओळखतात.

नाल्यात दोन्ही येतात, आधी उतार मग लगेच चढ. उतरल्याबरोबर त्याच झोकात चढायचं असं पोरं करतात. रिकाम्या बंडीला ते चालतं. भरलेली असेल तर खाली सपाटीवर क्षणभर थांबा, पाणी असेल तर बैलांना पिऊ द्या, मग चढा. पावसाळ्यात नाल्याला पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर बंडी घालू नका. वरच्या अंगाला पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नाला फुगतो.

काळ्या मातीत चाकोरी सोडायची की धरायची, हा नवख्याचा नेहमीचा प्रश्न. कोरड्या दिवसांत धरा. चिखल झाल्यावर चाकोरीत पाणी साचतं आणि खालचा थर लोण्यासारखा होतो, तेव्हा शक्य असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून चला. बंडी रुतली तर बैलांना मारून निघत नाही. माल उतरवा, चाकापुढची माती काढा, पऱ्हाटीच्या काड्या किंवा दगड टाका, आणि माणसांनी आरे धरून चाक फिरवायला हात लावा. दोघांनी एकदम जोर दिला तरच ती निघते. ओल्या मानेवर जू जास्त घासतं, त्यामुळे पावसात काम थोडं आणि थांबत थांबत.

डांबरी सडक

डांबरी रस्त्यावर बैलाचे खूर घसरतात आणि झिजतात. रोज तिकडून जायचं असेल तर नाल ठोकून घ्या. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन नाल लागतात. ठोकणारा जाणता हवा.

ट्रकचा हॉर्न मागून येतो आणि बैलाला मागचं दिसत नाही. नव्या जोडीला सडकेची सवय आधी रिकाम्या बंडीने, कमी रहदारीच्या वेळी लावा. डाव्या कडेने चला. अंधारात जायची वेळ येऊ देऊ नका, पण कापूस विकायच्या दिवसांत ती येतेच. म्हणून मागच्या फळीवर आणि दोन्ही चाकांच्या बाजूला चमकणाऱ्या लाल पट्ट्या कायमच्या चिकटवा. लोंबणारी पऱ्हाटी त्या पट्ट्या झाकते, तेव्हा तिच्या टोकालाही एक लाल दिवा बांधा. मागच्या गाडीवाल्याला बंडी दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते. त्याच्या दिव्यात तुमची पट्टी चमकली तर तो वाचतो आणि तुम्हीही.

चालत्या बंडीवरून पुढून, चाक आणि बैल यांच्यामधून उडी मारून उतरायची सवय गावात सगळ्यांना आहे. तुम्ही लावून घेऊ नका. थांबवा आणि मागून उतरा.

ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांत स्पष्ट आहे: दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. मी म्हणेन, वैदर्भीय उन्हाळ्यात ही सूटही जास्तच आहे. पहाटे निघा आणि ऊन चटके द्यायच्या आत सोडा. संध्याकाळी पुन्हा दोन तास मिळतात.

बैल तोंड उघडून धापा टाकतो, लाळेचा फेस येतो, पाय अडखळतात, ही उन्हाची चिन्हं. तिथंच सोडा, झाडाच्या सावलीत न्या, पाणी थोडं थोडं पाजा, डोक्यावर आणि पायांवर पाणी ओता. वावर किती जवळ आलं आहे हे बघू नका.

सोडणं

परत आल्यावर बंडी सपाटीवर उभी करा आणि आधी चाकांना दगड लावा. माल असेल तर उतरवा. उतरवता येत नसेल तर साट्याच्या (माल ठेवायच्या चौकटीच्या) मागे आणि जूखाली, दोन्हीकडे टेकू द्या. बैल निघाल्याबरोबर भरलेली बंडी मागे उलार होऊन धुरी झपकन वर जाते, आणि तेव्हा कुणाचा हात-तोंड तिथं असतं. एकाचं जोतं सोडा, त्याला बाजूला बांधा, मग दुसऱ्याचं. दोघांची जोती एकदम सोडून गप्पा मारत उभं राहिलं तर एक बैल जू घेऊन निघतो.

लगेच पाणी दाखवू नका, थोडा श्वास बसू द्या. ढेप त्यानंतर. मान कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा दोन्ही हातांनी चाचपा. नुसती गरम असेल तर रात्रभरात उतरते. मऊ फुगवटा, कडक गाठ किंवा केस जाऊन उघडी पडलेली कातडी दिसली, तर दुसऱ्या दिवशी त्या बैलाला जुंपायचं नाही. हळद लावून, चिंधी गुंडाळून पुन्हा जूखाली घालायची जी सवय आहे, तिनेच साधी सूज जुनी गाठ होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, ते सांगतील तितके दिवस सुट्टी द्या, आणि तोवर जोत्यांची लांबी, जूचा घासणारा भाग आणि माल भरायची तुमची पद्धत, तिन्ही पुन्हा तपासा. काम अडलं तर शेजाऱ्याची जोडी मागा. बदल्यात त्याच्या डवरणीला (कोळपणीला) एक दिवस जा.